एका स्वेटरला एकच हात

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता थोरलीने शिवणखोलीतल्या कपाटाच्या वरच्या खणातून वेताची टोपली खाली काढली आणि झाकण उघडलं. सुईवरचं काम चौदा ओळींनी वाढलेलं होतं.

तिने मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. सासूबाई गेल्या त्या दिवशी पाठीच्या भागाच्या बेचाळीस ओळी झाल्या होत्या. त्याच संध्याकाळी थोरलीने सुईखालच्या ओळीत पांढरा दोरा ओवून गाठ मारली होती, पुस्तकात खूण घालून ठेवावी तशी. दोरा जिथल्या तिथे होता. सुई तेवढी तीन बोटं वर गेली होती.

चार महिने त्या टोपलीला कुणी हात लावला नव्हता. लावायचं कारणही नव्हतं. गेली छत्तीस वर्षं या घरात लहान मुलांचे कपडे होत होते. झबली, टोपडी, पायमोजे, दुपटी, स्वेटर सगळं घरच्या घरी, घरच्या हातांनी आणि आसपासच्या आठदहा बायकांच्या मदतीने. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी घालून दिलेला एक नियम मोडलेला कुणाला आठवत नव्हता. एका स्वेटरला एकच हात. एकीने सुरू केलेलं दुसरीने पुरं करायचं नाही. त्यात गूढ काही नव्हतं. एकीची वीण घट्ट, दुसरीची सैल. दोघींचा हात लागला की स्वेटर एका अंगाला ओढ खातो आणि तान्ह्या बाळाचा हात बाहीत अडकून बसतो. म्हणून धाकटीच्या, म्हणजे धाकट्या जावेच्या, होणाऱ्या बाळासाठी घेतलेला तो फिकट पिवळा स्वेटर अर्धाच राहणार, हे सगळ्यांनी मनोमन मान्य केलं होतं.

"वहिनी, झालं का कपाट रिकामं?" दारातून धाकटा म्हणाला. तो वायरमन होता. घरातल्या कुठल्याही कामाला तो खिशातला टेस्टर काढूनच सुरुवात करायचा. आज शिवणखोलीतली दोन्ही मशीनं बाहेरच्या खोलीत हलवायची होती आणि इथे धाकटीची खाट लावायची होती. तिला आठवा लागायला दहा दिवस उरले होते. खोलीला उत्तरेकडची मोठी खिडकी होती, ऊन थेट आत येत नव्हतं, बाळासाठी याहून बरी खोली घरात नव्हती.

"भाऊजी, या टोपलीला तुम्ही हात लावलात?"

"मी? मला बटण लावता येत नाही, मी लोकरीला कशाला हात लावू?"

"मग वन्संना बोलवा. आणि मामंजींना."

"आणि हिला?"

थोरलीने क्षणभर विचार केला. पण धाकटी तोवर त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती, कमरेवर एक हात ठेवून. "मला कशाला वगळता?" ती म्हणाली. "स्वेटर माझ्याच बाळाचा आहे ना?"

कापड बेतायच्या टेबलाभोवती सगळे जमले. थोरला तेवढा नव्हता. तो मालवाहू बोटीवर होता आणि महिन्यातून एकदा फोनवर भेटायचा. टेबलावर पुठ्ठ्याचे साचे पडले होते, प्रत्येकावर सासूबाईंच्या अक्षरात वय लिहिलेलं: तीन महिने, सहा महिने, एक वर्ष. थोरलीने ते बाजूला सारले आणि मधोमध स्वेटर ठेवला.

वन्सं, म्हणजे दोघा भावांची मोठी बहीण, नर्स होत्या. मशीनं हलवायला मदत म्हणून त्या सकाळीच आपल्या घरून आल्या होत्या. सुट्टीच्या दिवशीही त्या बोलायच्या वॉर्डातल्यासारख्या. "हे कुणाचे चाळे आहेत? आत्ताच सांगा, म्हणजे पुढचं काम सुरू करता येईल."

धाकट्याने खिशातला टेस्टर काढला आणि बोटांत फिरवू लागला.

"बरं. वहिनी, तू दिवसातून पन्नास नग तपासतेस. कुणाचा हात आहे ते तुला कळतं. सांग."

हे खरं होतं. बायका आठवड्याला पोतंभर काम आणून टाकायच्या, नावाची चिठ्ठी कुणी लावायचं नाही, आणि थोरली नुसतं बोट फिरवून वाटण्या करायची: हा पोस्टमनच्या बायकोचा, घट्ट, हा शाळेतल्या बाईंचा, घाईचा, हा त्या जुळ्या बहिणींपैकी चिडक्या बहिणीचा. तिची चूक झाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"माझ्यावर चिडणार नसलात तर सांगते," ती म्हणाली.

"सांग तर."

"हा आईंचा हात आहे."

धाकटी खाली बसली. धाकट्याने तिला स्टूल सरकवलं ते जरा उशिराच.

"वेड लागलंय का?" वन्सं म्हणाल्या.

"तुम्हीच बघा." थोरलीने काम उलटं केलं. सासूबाईंच्या उजव्या तर्जनीचं टोक तरुणपणीच मशीनखाली गेलं होतं. तेव्हापासून लोकर त्या डाव्या तर्जनीला दोन वेढे देऊन धरायच्या. त्यामुळे त्यांची प्रत्येक उलट ओळ जराशी उंच बसायची. स्वेटरच्या आतून हात फिरवला की बोटाला कंगव्याच्या दातांसारखी कड लागायची. खालच्या बेचाळीस ओळींना ती कड होती. वरच्या चौदांनाही होती. "आणि हे बघा. सुयांच्या टोकांना खोडरबरचे तुकडे. लोकरीचं टोक गुंड्याखाली दुमडलेलं. काम ठेवताना असं कोण करायचं?"

"आईला जिवंतपणी कधी सुट्टी मिळाली नाही," धाकटा म्हणाला, "आता तरी बसू द्यायचं होतं तिला." तो हसला. बाकी कुणी हसलं नाही, मग त्याने टेस्टर खिशात घातला.

वन्संनी फडताळातून लोकरीचा एक गुंडा आणि सुया काढल्या. "आपण सगळ्या विणू. चार-चार ओळी. मी, वहिनी, ही. बघू कुणाचा हात कसा आहे ते."

"मला धड सुलट टाका येत नाही," धाकटी म्हणाली.

"तेवढंही पुरे."

मग भर सकाळी, दोन मशीनांच्या मध्ये बसून, तिघींनी आळीपाळीने विणलं. परीक्षेच्या वर्गात असते तशी शांतता होती. सुयांचा आवाज आणि बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा. धाकटीचे टाके दोनदा सुटले. वन्संची वीण दोरखंडासारखी झाली. थोरलीने आपल्या नेहमीच्या पद्धतीने विणलं, लोकरीला एकच वेढा, सगळ्या ओळी सपाट आणि सारख्या. तिघींचे तुकडे स्वेटरशेजारी ठेवले. एकही जुळेना.

"तू मुद्दाम वेगळं विणलंस तर?" वन्सं म्हणाल्या.

"मी कशाला असं करीन?"

"कशाला ते तुला ठाऊक. ही माहेरी बाळंतपणाला जाऊ का म्हणाली, तेव्हापासून तुझा चेहरा उतरलाय. आता आईने स्वतः येऊन स्वेटर विणला म्हटल्यावर ही जाईल का कुठे?"

थोरलीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. धाकटीने माहेरी जाऊ नये असं तिला वाटत होतं, हे खोटं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिचं स्वतःचं बाळ आठव्या महिन्यात गेलं होतं, त्यानंतर दुसरं झालं नव्हतं. दुनियेभरच्या पोरांसाठी शेकड्यांनी टोपडी शिवली तिने. या घरात रडणारं एक मूल असावं यासाठी ती काहीही करायला तयार होती. पण हे तिने केलेलं नव्हतं. निदान तसं तिला आठवत नव्हतं.

"आणि एक बोलू?" वन्संचा आवाज थोडा खाली आला. "तुझं बाळ गेलं त्यानंतर तू झोपेतून उठून मशीनवर येऊन बसायचीस. महिनाभर. रिकामं मशीन चालवायचीस. आई तुला हात धरून परत न्यायची. आठवतं?"

"मला सांगितलंत म्हणून माहीत आहे. आठवत नाही."

"तेच म्हणते मी."

"बास झालं ताई," धाकटा म्हणाला. पण तो बायकोकडे बघत होता आणि त्याचं मत ठरत आलं होतं. "वहिनीने केलं असेल-नसेल. हिला इथे ठेवायचं नाही, एवढं नक्की. संध्याकाळी मी हिला तिच्या आईकडे सोडतो."

"मी बॅग भरते," धाकटी म्हणाली. थोरलीला ती ताईच म्हणायची. "ताई, रागावू नका. पण मला इथे झोप लागायची नाही."

"नाही गं, रागवत नाही," थोरली म्हणाली. तिने तीन नमुन्यांचे तुकडे एकावर एक ठेवले, उगाचच.

मामंजी इतका वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत होते. चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात मोजपट्टी धरलेला माणूस. बोलायचा तोही मोजून. सगळे उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, "निळ्या स्वेटरला कसर लागली नव्हती."

"कुठला निळा स्वेटर, बाबा?"

ते वन्संशी बोलत नव्हते. थोरलीकडे बघत होते. "सूनबाई, तुझ्या वेळी तिने निळा घेतला होता विणायला. तुला सांगितलं कसर लागली, टाकून दिला. कसर नव्हती लागली. तिने उसवला."

थोरली हातातले तुकडे तसेच धरून उभी राहिली. "कधी?"

"तुला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी. त्याआधी दोनतीन दिवस काम अडलं होतं. इथेच बसलेली, मशीनला पाठ लावून. मी विचारलं, काय झालं, संपला का? तर म्हणाली, सुई पुढे जात नाही. मी म्हटलं, हात दुखत असेल. म्हणाली, हाताचं काही नाही. मग सगळा उसवला आणि गुंडा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तुला कळा लागल्या."

"हे मला कुणी का सांगितलं नाही?"

"सांगून काय केलं असतंस?"

थोरलीला तो निळा रंग डोळ्यासमोर आणता येईना. तिला आठवत होतं ते एवढंच, की त्या दिवशी सासूबाईंनी तिच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं होतं आणि तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"बाकीच्या वेळी?" हे धाकटीने विचारलं. ती अजून स्टुलावरच होती. "बाकीच्यांच्या वेळी काय व्हायचं?"

"बाकीचे सगळे पुरे झाले," मामंजी म्हणाले. "माझी तीन पोरं. माझ्या लेकीची दोन. शेजारपाजारची. ज्याचा पुरा झाला ते सुखरूप. मी काही हिशोब ठेवायला बसलो नव्हतो. पण ती ठेवायची बहुतेक."

"बाबा, तुम्ही पण ना," वन्सं म्हणाल्या. "तिला आठवा लागत आलाय. तिच्यासमोर हे काय बोलता?"

पण धाकटीने टेबलावर हात लांबवला होता. तिने स्वेटर जवळ ओढला आणि पांढऱ्या दोऱ्यापासून वर, एकेक ओळ नखाने मोजत गेली. ओठ हलत होते. चौदा झाल्यावर ती थांबली.

"म्हणजे सुई पुढे जातेय," ती म्हणाली.

"अगं..." वन्सं म्हणाल्या.

"माझ्या बाळाची सुई पुढे जातेय. थांबलेली नाही. मग मी बॅग कशाला भरू?"

"तू आत्ता म्हणालीस की झोप लागायची नाही," धाकटा म्हणाला.

"तिकडे जाऊन लागेल? तिथे टोपली आहे का?" ती थोरलीकडे वळली. सकाळपासून पहिल्यांदाच सरळ वळली. "ताई, पाठीच्या किती ओळी असतात?"

"एकशे चार. मग पुढचे दोन भाग, बाह्या."

"पाठ तरी होऊ द्या. मी हलत नाही इथून."

वन्संनी शेवटचा प्रयत्न केला. म्हणाल्या, ठीक आहे, राहा, पण खोलीला कुलूप लावा आणि किल्ली माझ्याकडे द्या. कुलपातही ओळी वाढल्या तर मी स्वतःचे कान धरीन. धाकटा लगेच कुलूप शोधायला निघाला.

"कुलूप नको," धाकटी म्हणाली. "आईंना यायचं असेल तर?"

असं म्हटल्यावर कुणी कुलूप लावलं नाही. मशीनं हलवायचं कामही त्या दिवशी राहिलं. वन्सं जाताना थोरलीला फाटकापाशी एवढंच म्हणाल्या, "वहिनी, तिने हे एकदा मनावर घेतलंय. आता ती ओळ थांबली तर काय होईल, याचा विचार कर." थोरली तो गेल्या तासभरापासून करतच होती.

पुढचे सहा दिवस धाकटीने रोज सकाळी नऊ वाजता टोपली उघडली आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. सोमवारी साठ. मंगळवारी चौसष्ट. बुधवारी अडुसष्ट. रोज चार, कमी नाही जास्त नाही. बगलेपाशी टाके जिथे कमी करायला हवेत तिथेच कमी झाले होते, दोन्ही बाजूंनी सारखे. गुरुवारी बहात्तर झाल्या तेव्हा धाकटीने दोन घास जास्त खाल्ले. धाकटासुद्धा कामावरून आला की बूट काढायच्या आधी विचारू लागला, "आज किती?" मामंजींनी विचारलं नाही, पण नऊच्या सुमारास ते शिवणखोलीच्या दाराशी घुटमळायचे. एका आठवड्यात घराला त्या आकड्याची सवय लागली. दूधवाल्याची लागावी तशी.

थोरली या काळात नीट झोपली, असं ती स्वतः सांगायची. गडद, स्वप्नाशिवाय. सकाळी मात्र तिचे खांदे भरून आलेले असायचे. दिवसाची साठ टोपडी पुरी करायची असताना त्याचं नवल कुणाला वाटणार? तिलाही वाटलं नाही. शुक्रवारी शहात्तर, शनिवारी ऐंशी.

दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता ती शिवणखोलीत गेली. घर अजून उठलेलं नव्हतं. खिडकीतून राखाडी, सारखा उजेड येत होता, बारीक काम करायला उत्तम. टोपली उघडायचा तिचा विचार नव्हता. काजाचा दोरा घ्यायला ती आली होती. झाकण थोडं वर होतं म्हणून तिने बघितलं.

अठ्ठ्याहत्तर.

खालून मोजल्या, वरून मोजल्या. दोन ओळी कमी होत्या. टाका सुटलेला नव्हता, लोकर तुटलेली नव्हती. दोन ओळी व्यवस्थित उसवून लोकर गुंड्यावर परत गुंडाळली होती. तिच्यावर उसवलेल्या लोकरीच्या नागमोडी वळ्या अजून तशाच होत्या. सुयांना खोडरबर लावलेले. टोक गुंड्याखाली दुमडलेलं.

धाकटी नऊ वाजता यायची. दोन तास होते.

थोरलीने दार लोटून घेतलं आणि सासूबाईंच्या मशीनला पाठ लावून बसली. छत्तीस वर्षांचा नियम तिने पाच मिनिटं विचारात घेतला आणि बाजूला ठेवला. एकसारखा हात नाही आला तर धाकटीच्या नखाला लागेल, हे तिला माहीत होतं. आठवडाभर मोजून मोजून धाकटीलाही आता कड कळायला लागली होती. तिने लोकरीचे डाव्या तर्जनीला दोन वेढे दिले. असं तिने आयुष्यात कधी विणलं नव्हतं. पहिला टाका अडेल अशी तिची अपेक्षा होती. तो अडला नाही. सुलट ओळ गेली, उलट ओळ गेली. सुया आपल्या आपण चालल्यासारख्या चालल्या.

काम उलटं करून तिने आतून बोट फिरवलं. बोटाला कड लागली. अठ्ठ्याहत्तरावी ओळ कुठे संपली आणि तिची कुठे सुरू झाली, हे तिला सांगता येईना. ज्या बाईची चूक झालेली कुणी पाहिली नव्हती तिने तीनदा बोट फिरवलं, मग डोळे मिटून चौथ्यांदा.

लोकर सोडवली तेव्हा डाव्या तर्जनीवर दोन वळ दिसले, शेजारी शेजारी. तिने बोट चोळलं. वळ गेले नाहीत. तिथली कातडी टणक झालेली होती. दोन ओळींनी एवढं होत नाही.

नऊ वाजता धाकटी आली. तिने टोपली मांडीवर घेतली, मोजलं, कॅलेंडरकडे बघितलं आणि पुन्हा मोजलं.

"काल किती होत्या, ताई?"

"ऐंशी."

"आजही ऐंशीच."

"होतं कधी कधी. रोज सारखं काम कुणाचं होतं? माझं तरी होतं का?"

"यांचं रोज होत होतं," धाकटी म्हणाली. तिने कॅलेंडरवर काही लिहिलं नाही. पेन तसंच हातात धरून ती उभी राहिली, दुसरा हात पोटावर, जरा डावीकडे, काहीतरी ऐकायला कान लावावा तसा.

थोरलीने बाहेरच्या खोलीत जाऊन वन्संना फोन लावला. सकाळपासून काय झालं ते तिने सगळं सांगितलं, उसवलेल्या दोन ओळी आणि आपण विणलेल्या दोन ओळीसुद्धा. वन्सं रागावल्या नाहीत, वॉर्डातल्या आवाजातही बोलल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, आणि फोन तसाच धरून थोरलीने शिवणखोलीच्या दारातून तोच प्रश्न धाकटीला विचारला. बाळ शेवटचं कधी हललं?

धाकटीने पोटावरचा हात उजवीकडे सरकवला.

"काल," ती म्हणाली. "संध्याकाळच्या चहाच्या आधी."

वन्सं नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी घरून निघाल्या. रस्ता चाळीस मिनिटांचा आहे.